हातपंपाची परीक्षा

रविवार, २० फेब्रुवारी १९५५
बोरीवली

आज विहिरीवर झाकण बसलं. चांगलं सिमेंट-सळयांचं, वर चार माणसं उभी राहिली तरी हूं की चूं न करणारं. मधोमध नवा कोरा हातपंप. दशरथ प्लंबरनं दांडा हापसला आणि भसकन पाणी आलं, तेव्हा सोसायटीच्या बायामाणसांनी टाळ्या वाजवल्या. फक्त वसुधाबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी रहाटाचा दोर गुंडाळला आणि घरी नेला. "लागेल पुढे," म्हणाल्या.

झाकणाचा हट्ट माझा. गेल्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, सगळी सोसायटी उघड्या विहिरीवर आली आणि आमच्या क्षमाला विषमज्वर झाला. सात वर्षांची पोर, केस गेले, उठल्यावर चालायलाही नव्यानं शिकली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विहीर झाका, असा ताप पुन्हा आला तर हिच्या अंगात सोसायचं बळ नाही. हे मी बायकोला, पद्मजालाही सांगितलेलं नाही. वहीला सांगतो.

मी फोर्टातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. नकाशे काढतो एवढ्यावरून सोसायटीला वाटतं की मला यंत्रातलं सगळं कळतं. मीही तो समज मोडलेला नाही. तेव्हा अध्यक्ष प्रधानसाहेबांनी काम माझ्याच गळ्यात घातलं: नळ दगा देईल तेव्हा आपण कशावर विसंबावं, हातपंपावर, विजेच्या पंपावर की पूर्वीसारखं उघड्या विहिरीवर, याची उन्हाळाभर परीक्षा घ्यायची आणि मेच्या सभेत अहवाल द्यायचा. हातपंप नापास झाला तर झाकण काढायचं, हेही ठरलं आहे.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "विद्याधर, या पंपाच्या पोटात चामडं असतं ना रे?"

मी उत्साहानं आकृती काढून दाखवली. हा दट्ट्या, ही त्याची चामड्याची वाटी, हिला वायसर म्हणतात, ही नळीला घट्ट बसते म्हणून पाणी वर चढतं. वडिलांनी एवढ्या बारकाईनं विचारावं याचा मला आनंद झाला. "बरं," म्हणाले आणि जपाला बसले.


गुरुवार, २४ फेब्रुवारी

अण्णांचं काय करावं कळत नाही. देवाला आणि पिण्याला विहिरीचंच पाणी, हा त्यांचा रत्नागिरीपासूनचा नेम. चामड्याला लागलेलं पाणी देवाला चालत नाही आणि देवाला चालत नाही ते त्यांनाही चालत नाही. म्हणून सकाळी ओल्या सोवळ्यानं, हातात कळशी घेऊन रस्त्यापलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर जातात. वाटेत कुणी शिवला की परत आंघोळ, परत खेप. वय झालेल्या माणसाला भरल्या कळशीनिशी येताना पाहून शेजारी माझ्याकडे बघतात. जणू मीच धाडलं आहे!

पद्मजा म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोला ना."

बोललो. अण्णा म्हणाले, "मी काही तक्रार केली का?"

केली नाही हे खरं. केली असती तर भांडता तरी आलं असतं.


रविवार, ६ मार्च

पंप झकास. पोरंसुद्धा हापसतात. वसुधाबाईंची तक्रार की पाण्याला लोखंडाचा वास येतो. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मोठ्यानं म्हटलं नाही.

अण्णांना मात्र आज वाडीच्या वाटेवर ठेच लागली. कळशी तांब्याची म्हणून फुटली नाही, पण तिला पोचा आला. गुडघा सोलवटून निघाला.


रविवार, १३ मार्च

चमत्कार! अण्णा सकाळी आपण होऊन पंपाचं पाणी घेऊन आले. देवांना आंघोळ घातली, तीर्थ घेतलं, मलाही दिलं. मी विचारलं, "अण्णा, चालतं आता?"

"चालतं," म्हणाले. "विचार केला मी."

मला भरून आलं. या वयात माणसानं आयुष्यभराची समजूत बाजूला ठेवायची म्हणजे सोपं आहे का? काल दुपारी ते पंपाशी दशरथबरोबर बराच वेळ बसले होते. यंत्र समजून घेतलं असणार. प्रधानसाहेबांना मी अभिमानानं सांगितलं की नव्या गोष्टीची खरी परीक्षा हीच, आमच्या अण्णांनी पास केली. अण्णा घेतात म्हटल्यावर वसुधाबाईंनीही आजपासून पंपाचं पाणी प्यायला घेतलं. म्हणाल्या, "अण्णांनी मला सांगितलं सगळं." काय सगळं?


गुरुवार, १७ मार्च

पंपानं पाणी सोडलं. दांडा हलतो, नुसती हवा येते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की पुन्हा धरतो, थोडा वेळ चालतो, पुन्हा सोडतो. दशरथला बोलावलं. त्यानं उघडला, माझ्याकडे पाठ फिरवून काहीतरी केलं, बंद केला. चालला.

"काय होतं रे?"

"वायसर हो साहेब."

"महिना नाही झाला बसवून!"

"व्हय," म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला. हा माणूस एरवी गणपतीला गावी गेलेल्याची हकिकतसुद्धा पाल्हाळ लावून सांगतो.


शनिवार, २६ मार्च

घरात उंदीर झालेत. अण्णांचा डाळिंबी रंगाचा कद, पूजेच्या वेळी नेसायचं रेशमी सोवळं, त्याचा काठाकडचा तुकडाच गायब. पद्मजानं वाळत घालताना दाखवला. मी म्हटलं, उंदरानं कुरतडलं. ती म्हणाली, "उंदीर कातरीनं सरळ रेघेत कापतो वाटतं?" मी पिंजरा आणला.

शिवाय तूपही भराभर संपतंय. कढवलेलं तूप वाटीत काढून ठेवलं की दुसऱ्या दिवशी वाटी चाटून पुसून लख्ख. उंदीर तुपाचे शौकीन दिसतात. पंप परत बंद.


रविवार, ३ एप्रिल

आज ठरवलं की दशरथच्या डोक्यावर उभं राहूनच पंप उघडायचा. त्यानं फार आढेवेढे घेतले, म्हणाला अण्णा जेवून येऊ देत. म्हटलं, पंपाचा आणि अण्णांच्या जेवणाचा संबंध काय? उघड.

दट्ट्या वर काढला तर चामड्याच्या वाटीच्या जागी चिंधीचा बोळा! तूपकट, चोथा झालेला, डाळिंबी रंगाचा. माझा संताप संताप झाला. एवढं चांगलं यंत्र, आणि त्यात कारट्यांनी चिंध्या कोंबाव्यात? मी दशरथला विचारलं, कुणाचं काम हे? तो मान खाली घालून म्हणाला, "माका इचारू नका साहेब."

म्हणजे त्याला ठाऊक आहे. त्याच्याच पोराचं असेल. मी त्याला चार माणसांत नको ते बोललो. पुन्हा चिंधी सापडली तर दुसरा प्लंबर बघू, असंही म्हणालो. अण्णा जेवून आले, त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. गरिबाला टाकून बोललेलं त्यांना कधीच आवडत नाही.

घरी आल्यावर पद्मजाला बोळा दाखवला. तिनं तो बोटांनी उलगडून काठ पाहिला. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही?"

"काय?"

"तुमच्या डोक्यात उजेड पडला की मला हाक मारा."

हिचं हे असं. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणते मला! पोराला शोधायला मी काही कमी फिरलो का?


मंगळवार, १९ एप्रिल

नळ बंद. अगदी टिपूस नाही. म्हणजे खरी परीक्षा आता सुरू झाली आणि नेमका पंप आजारी. नवा वायसर बसवतो म्हणून दशरथ दर खेपेला सांगतो, चार दिवसांत पुन्हा हवा. चामडंच हलकं येत असावं. पाण्यावर तुपासारखा तवंग येतो, हे प्रधानसाहेबांनीही पाहिलं. मी सांगितलं की नव्या लोखंडाचं तेल उतरतंय. त्यांनी मान डोलावली. मलाही ते पटल्यासारखं झालं.

आता पंप धरावा म्हणून त्याच्या शेजारी पाण्याची बादली ठेवावी लागते. आधी वरून ओतायचं, मग हापसायचं. बादलीवर मी पाटी लावली आहे: फक्त पंपासाठी. लोक त्यात हात बुडवतात, पोरं पाय धुतात, कावळे चोच घालतात. मी ओरडलो की थांबतात, मी ऑफिसला गेलो की सुरू.


रविवार, १ मे

विजेच्या पंपाची चौकशी करून आलो. विक्रेता म्हणाला की बटण दाबा, बस. मी विचारलं, वीज गेली तर? म्हणाला, येईल की साहेब, जाते कुठे?

डोकं भणभणलं आहे. नळाला धरण लागतं, विजेच्या पंपाला वीज लागते, हातपंपाला चामडं लागतं, आणि उघड्या विहिरीला नुसता दोर लागतो पण ती माणूस आजारी पाडते. जितकं यंत्र शहाणं तितकी त्याची मनधरणी जास्त. माझ्या तक्त्यात हातपंपासमोर मी आधी 'उत्तम' लिहिलं होतं, मग खोडून 'बरा', आता प्रश्नचिन्ह. पहिले काही आठवडे तो इतका छान चालला, मग काय दृष्ट लागली?


सोमवार, ९ मे

क्षमाला ताप आला आहे.


मंगळवार, १० मे

ताप उतरत नाही. पोटात दुखतं म्हणते, पाण्याशिवाय काही मागत नाही, आणि पाणी देण्याआधी मी दर खेपेला भांडं उजेडात धरून बघतो. डॉक्टर सकाळी येऊन गेले. पहिला प्रश्न, पाणी कुठलं? मी म्हटलं, झाकलेल्या विहिरीचं, हातपंपाचं. मला दाखवा, म्हणाले. मी त्यांना पंपाशी नेलं. ती बादली पाहून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की धरणीनं पोटात घ्यावं.

"ही घाण तुम्ही वरून नळीत ओतता? अहो, मग झाकण कशाला घातलंत? विहीर उघडीच आहे की तुमची."

मी सांगितलं की ओतल्याशिवाय पंप धरत नाही. ते म्हणाले, "चांगला वायसर असेल तर कशाला ओतावं लागेल?"

अण्णा मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी वळलो तर ते पंपाच्या कट्ट्यावर मटकन बसले होते. ऊन फार होतं.

पोरीच्या उशाशी बसलो आहे. भीती वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.


गुरुवार, १२ मे

अण्णांनी दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. नवस बोलले असतील. मी दुपारी पेज घेऊन गेलो तर देवघराच्या दाराशी पद्मजा त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होती. एवढंच ऐकलं, "मी यांना सांगणार नाही, अण्णा. पण पोर माझी आहे." मला पाहताच बाजूला झाली.

काय सांगणार नाही? मी विचारलं तर म्हणाली, "पेज निवतेय, द्या त्यांना."

माझ्या घरात माझ्यावाचून काहीतरी चाललं आहे. एरवी मी चिडलो असतो. सध्या बळ नाही.


रविवार, १५ मे

ताप उतरला. विषमज्वर नव्हता, आतड्याचा दाह होता, या खेपेला थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. "पुढच्या खेपेचं मला विचारू नका," हेही म्हणाले. क्षमानं आज मऊ भात मागून घेतला. मी मोरीत जाऊन रडून आलो.

आता अहवाल. प्रामाणिकपणे लिहायचा तर एकच लिहिता येतं: हातपंप आमच्याकडे टिकत नाही आणि न टिकणारा पंप उघड्या विहिरीपेक्षा घातक, कारण लोक झाकणाच्या भरवशावर बेसावध राहतात. तेव्हा झाकण काढावं, विहिरीत औषधाची पूड टाकावी, पाणी उकळून प्यावं. पद्मजाला वाचून दाखवला.

"सगळी सोसायटी उकळून पिणार आहे? वसुधाबाई पिणार आहेत?"

"नाही पिणार. पण पंप चालत नाही त्याला मी काय करू?"

"झाकण निघालं की मी क्षमाला घेऊन माहेरी जाणार. परत कधी येईन ते सांगत नाही." आणि हे माझ्याशी बोलताना ती बघत होती अण्णांच्या खोलीकडे.

माझ्याच हातानं मी झाकण घातलं, माझ्याच सहीनं ते निघणार. पोरीला कशात धोका जास्त हे मला खरोखर कळत नाही. कुणी येऊन सांगेल तर मी त्याचे पाय धरीन.


शनिवार, २१ मे

दशरथ आला होता. मी बोलावलं नव्हतं, अण्णांनी बोलावलं. खिडकीतून दिसलं की दोघं पंप उघडून बसलेत. दशरथनं पिशवीतून चामड्याची वाटी काढली. अण्णांनी हात पुढे केला. तो द्यायला तयार होईना, दोनदा नको म्हणाला, तेव्हा अण्णांनीच त्याच्या हातातून घेतली, तळव्यावर ठेवून पाहिली आणि आपल्या हातानं दट्ट्यावर बसवली. नंतर त्यांनी दशरथला हात जोडले. दशरथ डोळे पुसत गेला.

कुतूहल असेल हो, पण चामड्याला हात? आणि घरी आल्यावर आंघोळही केली नाही, तसेच ओसरीवर बसून राहिले. मी म्हटलं, अण्णा, पाणी तापवून देऊ का? म्हणाले, "आता काय करायचंय?"


रविवार, २२ मे

सभा विहिरीपाशीच भरली. झाकण फोडायला दोन गवंडी पहारी घेऊन आले होते, वसुधाबाई दोर घेऊन. मी अहवाल वाचला. आवाज माझा मलाच परका वाटत होता. प्रधानसाहेब म्हणाले, "मग हात वर करा."

तेवढ्यात अण्णा उठले. सोवळं नव्हतं, साधं धोतर. सोसायटीच्या सभेत ते आजवर कधी बोललेले नाहीत.

"आधी पंप हापसून बघा," म्हणाले. "वरून काही ओतू नका."

कुणी पुढे होईना, तेव्हा स्वतःच दांडा धरला. पहिल्याच दाबाला धो धो पाणी. मी बघतच राहिलो. बादली रिकामी पडलेली, आणि पंप असा चालत होता जसा पहिल्या दिवशी चालला.

वसुधाबाई पुढे आल्या. "अण्णा, आत काय आहे?"

"चामडं."

"आणि तुमचं ते?"

"त्यानं पोर मरत होती माझी."

आणि सगळ्यांदेखत ओंजळ भरून ते पाणी प्यायले. घटाघटा नव्हे, एकेक घोट, तीर्थ घेतात तसं. वसुधाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला कशाचाच अर्थ लागेना. चामडं तर पहिल्यापासून आहे, मध्ये कारट्यांनी चिंधी कोंबली तेवढे दिवस सोडले तर! मार्चपासून तेच पाणी ते पितायत. मग आज एवढं काय झालं? 'तुमचं ते' म्हणजे काय? मी पद्मजाकडे पाहिलं, तर तिनं पुढे होऊन भर सभेत अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं.

झाकण काढायला एकही हात वर झाला नाही. गवंडी पहारी घेऊन परत गेले.


सोमवार, ३० मे

आठवडा झाला, पंपानं एकदाही पाणी सोडलेलं नाही. सुधारित अहवाल प्रधानसाहेबांना दिला. हातपंप विश्वासार्ह ठरला. मधल्या काळातील बिघाडाचे कारण समजले नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला लाज वाटली, पण खरं तेच आहे. दशरथची मी माफी मागितली. म्हणाला, "राहूंद्या साहेब, अण्णांनी मागितलीहा." अण्णांनी कशाबद्दल?

क्षमा पंपावर स्वतः हापसून पाणी पिते. गालांवर जरा मांस आलं आहे. ती 'पाणी' म्हणाली की आता मी भांडं उजेडात धरून बघत नाही.

एकच काळजी, अण्णांची. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "विद्याधर, आजपासून पूजा तू करत जा." मी म्हटलं, मला मंत्र येत नाहीत. म्हणाले, मी सांगेन. तेव्हापासून मी आत बसतो आणि ते उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून. एकेक शब्द सांगतात, मी चुकलो की पुन्हा सांगतात. पंचपात्रात पाणी पंपाचंच, पाण्यात दोष नाही म्हणाले. देवांना मात्र हात लावत नाहीत, प्रसादसुद्धा मी दिला तर दुरून घेतात. आज मी म्हटलं, "अण्णा, आत येऊन बसा ना, तिथून काय दिसणार?"

"दिसतात मला इथून," म्हणाले.

त्या पडण्यापासून त्यांचे गुडघे धरले असावेत, खाली बसवत नसेल. सुताराकडून त्यांचा पाट थोडा उंच करून घ्यावा म्हणतो.